वाटाड्याची परतवाट आधी मोज

प्रिय,

नाणेघाट ते भीमाशंकर हा घाटमाथ्यावरचा ट्रेक दहा जणांना घेऊन करायचा तुझा बेत कळला, फार आनंद झाला. आराखडा दोनदा वाचला. पहिला मुक्काम घाटघर, मग ढाकोबाचा डोंगर करून हातवीज, तिसरा आहुपे आणि शेवटच्या दिवशी कोंढवळमार्गे भीमाशंकर. वाट बरोबर आहे, मुक्कामही योग्य आहेत. खटकलं ते एवढंच, की या आराखड्यात फक्त तुमचा दिवस आहे. ज्यांच्या घरात जेवणार, ज्यांच्या मागे चालणार, त्यांचा दिवस त्यात कुठेच नाही.

वाटाड्यापासून सुरुवात कर. तू चारही दिवसांसाठी एकच माणूस धरला आहेस. तो नाही म्हणणार नाही, कारण रोजगार आहे. पण घाटघरच्या वाटाड्या मामांना आपल्या शिवारातली आणि ढाकोबाकडची वाट जशी ठाऊक असते, तशी आहुप्यापलीकडची असेलच असं नाही. तिथे आहुप्याचाच माणूस हवा. गावागणिक वाटाड्या बदलला तर पैसेही चार घरांत जातात. आता मुख्य गोष्ट. तुम्हाला हातवीजला पोचवून घाटघरचे मामा त्याच दिवशी एकटे उलटे चालणार असतात. ढाकोबाच्या कड्यावर, खाली कोकण बघत, तुमची मंडळी फोटोंसाठी तासभर रेंगाळली, तर तो तास मामांच्या परतीच्या उजेडातून जातो. म्हणून दिवस आखताना त्यांची परतवाट आधी मोज. उशीर झालाच तर त्यांची रात्रीची सोय आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी आपल्याकडे.

त्यांना ‘अजून किती वेळ?’ असं विचारू नकोस. ते आपल्या चालीने ‘हे काय, आलंच’ म्हणतील आणि तुमची मंडळी दोन तास चालत राहतील. त्यापेक्षा विचार, उन्हं कलायच्या आत पोचू का? पुढचं पाणी कुठे आहे, आणि ते आज आहे का? फोनवरचा ट्रॅक जवळ ठेव, पण पावसाळ्यानंतर कारवीची झुडपं माजून बुजलेली वाट त्यात दिसत नाही. शिवाय या पठारांवर ढोरवाटांचं जाळं आहे. गुरं चरायला जातात तिथवर वाट मळलेली असते, पुढे एकदम कडा. मामा थांबून इकडेतिकडे बघू लागले तर सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. त्या वेळी दहा जणांनी दहा सल्ले दिलेले मी पाहिले आहेत, आणि त्यात भला माणूस गोंधळतो.

तारखा बदल. मार्चअखेर नको. इथे पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो, पण काळ्या कातळावर तो थांबत नाही. पश्चिमेचं पाणी कोकणात उतरतं, पूर्वेचं नद्यांतून खालच्या धरणांत जातं आणि उन्हाळ्यात माथ्यावरच्या विहिरी तळाला लागतात. मग बायकांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. अशा घरी दहा पाहुणे उतरले आणि प्रत्येकाने घामेजल्या अंगावर दोन-दोन बादल्या घेतल्या तर काय होईल, हिशोब कर. तांब्याभर पाण्यात हातपाय-तोंड धुवायला मंडळींना आधीच सांगून ठेव. एकदा मुद्दाम प्रत्येकाला भरलेला हंडा उचलून विहिरीपासून घरापर्यंत न्यायला लाव, फार सांगावं लागणार नाही. पुढे उन्हाळ्यात बाळहिरड्याचे दिवस येतात. इथल्या महादेव कोळी कुटुंबांचा तो मोठा रोख पैसा. घरची माणसं पहाटेच रानात जातात, तेव्हा तुमच्या भाकऱ्या थापायला त्यांना थांबवू नये.

भर पावसाळ्याचं तर मनातही आणू नकोस. आहुप्याच्या वाटेवरच्या खोऱ्यातलं माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या पंचक्रोशीत अजूनही घरोघरी त्यांचे नातेवाईक आहेत. विषय निघाला तर ऐक, आपण होऊन काढू नकोस. भाताची झोडणी उरकलेली असते तो डिसेंबर-जानेवारीचा काळ सगळ्यात बरा.

घरी काय मिळेल याची यादी देऊ नकोस. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं आणि खुरासणीची चटणी पुढे आली तर पोटभर खा. खुरासणी भाजून, लसूण-मिरची घालून कुटतात. काळपट दिसते म्हणून शहरातली मुलं बाजूला सारतात आणि दुसऱ्या घासाला मागून घेतात. डाळ, चहा, साखर तुम्ही न्या. माणशी दर आधी बोल आणि पैसे चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हातात दे. दहाचे सात झाले तर आदल्या दिवशी फोन कर. तरीही ठरलेल्या दहांचे पैसे दे, कारण दळण तेवढंच आणलेलं असतं.

रानाच्या नियमांबद्दल थोडंच लिहितो. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी आधी काढ, हद्दीत आग पेटवू नका. आहुप्याच्या देवराईत पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. गाव ती उचलत नाही, म्हणून ती देवराई आजवर उभी आहे. शेकरू दिसला तर थांबा, खायला टाकू नका. कड्यांवर आग्या मोहोळ असतात: अत्तर नको, सिगारेट नको, आरडाओरडा नको. अंधारात बाहेर जाताना बॅटरी आणि बूट, मण्यार आणि फुरसं या दोन विषारी सापांसाठी. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि रात्री गाडी कोणाची मिळते, हे प्रत्येक मुक्कामी संध्याकाळीच विचारून वहीत लिही.

गट नेण्याआधी, दिवाळी झाल्यावर, तू आणि आणखी एक जण असे दोघेच तिन्ही गावांत जाऊन या. एसटीने जा. दर, पाणी, झोपायची जागा, वाटाडे, सगळं समोरासमोर बोलून घे. हातवीजला कोणाकडे उतरायचं ते ठरलं, की नवा आराखडा पाठव. ढाकोबाच्या दिवसाचं वेळापत्रक मला पुन्हा एकदा बघायचं आहे.

तुझा,
काका