महागडे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर खरंच इतके चांगले वाजतात का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात राहता, दहा बाय बाराची खोली आहे, ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन; तर इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरवर एवढे पैसे घालावेत का. मी जुळे सोलापुरात राहतो आणि २०१६ पासून क्वाड कंपनीच्या ईएसएल-६३ या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची जुनी जोडी ऐकतोय. गाण्यासाठी यापेक्षा खरा आवाज मी दुसऱ्या कुठल्या स्पीकरवर ऐकलेला नाही. तरीही तुमच्या त्या खोलीसाठी घेऊ नका, असंच सांगेन.

आधी आवाजाबद्दल. आमच्या घरात मिरजेचा तंबोरा आहे, आईचा. त्यामुळे जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, कशी बोलते हे कानात लहानपणापासून बसलंय. तारेखालचा दोरा नीट लागला की एकाच तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. नेहमीच्या खोकेवाल्या स्पीकरमध्ये खालचं व्हूफर वाजवतो, वरचं ट्विटर, आणि दोघांचा सांधा बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे जवारी जिथं झळकते तिथंच आवाज एका हातातून दुसऱ्या हातात जातो. माझ्या आधीच्या स्पीकरवर तंबोरा मला नेहमी गाण्यामागे टांगलेल्या पडद्यासारखा ऐकू यायचा. क्वाडवर पहिल्यांदा प्रत्येक तार वेगळी, तिचा विरत जाणारा शेवट वेगळा, आणि गाणारा त्या सगळ्याच्या आत बसलेला ऐकला. मींड घेताना मधला श्वाससुद्धा.

हे होतं त्याचं कारण साधं आहे. केसापेक्षा कितीतरी पातळ प्लास्टिकचा पडदा, त्यावर कायम काही हजार व्होल्टचा विद्युतभार, आणि दोन्ही बाजूंना छिद्रं असलेले पत्रे. गाण्याचा सिग्नल या पत्र्यांना मिळतो आणि पडदा पुढे-मागे ओढला जातो, तोही सगळीकडून सारखाच. पडद्याचं वजन त्याच्यासमोरच्या बोटभर जाडीच्या हवेइतकंच, त्यामुळे तो चटकन हलतो आणि चटकन थांबतो. शिवाय खोकं नाही, म्हणून खोक्याचा घुमारा नाही. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी पहिला असा स्पीकर १९५७ साली आणला. ईएसएल-६३ वर काम सुरू झालं १९६३ मध्ये, बाजारात आला १९८१ मध्ये! त्यात एकाभोवती एक अशी कडी आहेत. आतल्या कड्याला आवाज आधी मिळतो, बाहेरच्यांना किंचित उशिरा. त्यामुळे आवाज पडद्यामागे फूटभर अंतरावरच्या एका बिंदूतून येतोय असं वाटतं.

बेस कमी असतो म्हणतात. खरं आहे, पण कोणासाठी ते बघा. काळी एक पट्टीतल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, ६९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथवर हे पॅनल, म्हणजे पडदा-पत्र्यांची ही चौकट, सहज उतरतं. तबल्याच्या बायाची घुमकही स्वच्छ येते. ढोल-ताशा किंवा गड्डा यात्रेच्या गर्दीतला हलगीचा दणका मात्र छातीवर येत नाही. तो हवा असेल तर मार्टिनलोगनसारखे, खाली वेगळा व्हूफर असलेले स्पीकर आहेत. मला त्यांत पॅनल आणि व्हूफरचा सांधा ऐकू येतो. अनेकांना येत नाही.

आता खोली. हे स्पीकर जितका आवाज पुढे टाकतात तितकाच मागेही, आणि तो उलटा: पुढे हवा ढकलली जाते तेव्हा मागे ओढली जाते. भिंतीला टेकवले की मागचा आवाज लगेच परत येतो आणि सगळी स्पष्टता जाते. मागे किमान एक मीटर मोकळं हवं. दहा फुटांच्या खोलीत मग तुमच्यासाठी सहा फूट उरतात, आणि त्यातही बसायची योग्य जागा एकच. माझा हॉल अठरा फुटी आहे म्हणून निभावलं.

आपल्याकडची हवा कोरडी, ही जमेची बाजू. दमट हवेत पडद्यावरचा भार गळतो. पण धूळ! भार धूळ ओढून घेतो. माझी जोडी खिडकीजवळ होती. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये उजव्या बाजूनं चट् चट् आवाज सुरू झाला. चूक माझ्या उघड्या खिडकीची होती, पण पॅनल उघडून दुरुस्त करणारा माणूस सोलापुरात मला मिळाला नाही, पुण्यापर्यंत न्यावं लागलं. तुम्ही पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहत असाल तर हवेतल्या सुताच्या तंतूंचा आधी विचार करा. लाईट गेली की भारही उतरतो, आली की आवाज पूर्ण उमलायला थोडा वेळ लागतो. अँप्लिफायरही दमदार हवा, कारण काही पॅनलमध्ये वरच्या स्वरांपाशी रोध एक-दोन ओहमपर्यंत उतरतो.

तुमच्या जागी मी असतो तर याच तत्त्वावर चालणारे स्टॅक्सचे हेडफोन घेतले असते. जपानची ही कंपनी ते १९६० पासून बनवतेय. वेगळा अँप लागतो, पण खोलीचा प्रश्नच येत नाही आणि तंबोरा तसाच उलगडतो.

तरी स्पीकरच हवे असतील, तर स्पीकरच्या मापाचे, तीन फूट उंच आणि सव्वादोन फूट रुंद असे दोन पुठ्ठे कापा, भिंतीपासून मीटरभर पुढे उभे करा आणि आठ दिवस तसेच राहू द्या. घरच्यांना त्यांच्यामधून ये-जा करू दे, तुम्ही रोज संध्याकाळी समोर बसून बघा. जमलं तर मला लिहा, मग जुनी जोडी विकत घेताना काय तपासायचं ते सविस्तर सांगतो.