रोज फक्त १०-१५ मिनिटं मिळतात, तेवढ्यात घरातला पसारा खरंच कमी होतो का?

हो, नक्की होतो, पण रोज एकच छोटी जागा घ्यायची, म्हणजे एक ड्रॉवर, एक कप्पा किंवा नुसती एक पर्स, आणि १० मिनिटांचा टायमर वाजला की थांबायचं. मी माझं घर असंच आवरते म्हणून सांगते, उचलाउचलीपेक्षा जास्त थकवा "हे ठेवू की टाकू" सारखं ठरवण्याने येतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अख्खं कपाट पलंगावर ओतलं की दुपारपर्यंत डोकं बंद पडतं आणि सगळं जसंच्या तसं परत आत कोंबलं जातं. सुरुवात जिथे जीव अडकत नाही तिथून करा:

- वाळलेली पेनं, झाकण हरवलेले डबे, एकटे पडलेले मोजे
- कशाची आहे तेच आठवत नाही अशी चार्जरची वायर (ही कचऱ्यात नको, ई-कचऱ्यात द्या)

फोटो, पत्रं, बाळाचे जुने कपडे अगदी शेवटी. ज्याचं ठरतच नाही ते एका खोक्यात टाका, वर तारीख लिहा, ६ महिन्यांत खोकं उघडावं लागलं नाही तर द्यायला मोकळे. आणि द्यायची पिशवी भरली की दाराशीच ठेवा, बाहेर पडताना घेऊन जा, नाहीतर तीच पिशवी नवा पसारा होऊन बसते, फार जणांचं इथेच अडतं. फक्त कागदपत्रं या १० मिनिटांत फाडू नका, वॉरंटीचे, मालमत्तेचे, दवाखान्याचे कागद वेगळा वेळ काढून शांतपणे बघा.