बातम्यांचा शीण आणि तीन फोन

अमेरिकेतल्या वाचकांकडून राजकारणाविषयी येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: हे सगळं बघून हताश व्हायला होतं. कोणता पक्ष बरोबर, हे सांगायची ही जागा नव्हे. काय करता येतं, तेवढंच इथे.

प्रश्न: मी अमेरिकन नागरिक आहे. रोज रात्री दोन तास बातम्या बघते, चिडते आणि मग झोप उडते. चार वर्षांतून एकदा मत देण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे? (एडिसन, न्यू जर्सी)

दोन तासांतली दहा मिनिटं काढा आणि तीन फोन करा. वॉशिंग्टनमध्ये तुमचे असे तिघेच: प्रतिनिधिगृहातला एक सदस्य आणि दोन सिनेटर. संसदभवनाचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. तिथून हव्या त्या कार्यालयाला जोडून देतात. फोन बहुधा विशीतला कर्मचारी किंवा इंटर्न उचलतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो झिप कोड (म्हणजे तुमचा पिनकोड), विषय आणि बाजूने की विरोधात, एवढंच टिपून घेतो. म्हणून आधी नाव, गाव, झिप कोड. मग विधेयकाचा क्रमांक आणि मागणी. मग त्याचा तुमच्या घराशी किंवा कामाशी संबंध काय, ते एका वाक्यात. पाऊण मिनिट पुरतं.

फोन वाया जातात ते ठरावीक कारणांनी. एका दमात पाच विषय काढले, तर कशाखाली नोंदवायचं ते त्या मुलाला कळत नाही. टीव्हीवर गाजणाऱ्या परक्या राज्यातल्या सिनेटरला फोन केला, तर झिप कोड ऐकताच तो बाजूला पडतो. तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं: विधेयक कुठे अडकलंय हेच पाहिलेलं नसतं. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद; तिच्या काँग्रेस डॉट गव्ह या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की ते समितीत आहे की सभागृहापुढे, हे दिसतं. बहुतेक विधेयकं समितीतच मरतात, त्यामुळे तुमचा सदस्य त्या समितीत असेल तर तुमच्या फोनला वजन जास्त. बोलायचा संकोच वाटला तर रात्री व्हॉइसमेल ठेवा. पेटी भरलेली असेल तर मतदारसंघातल्या कार्यालयात फोन करा. कागदी पत्रही तिकडेच धाडा. २००१ मध्ये अँथ्रॅक्सची पाकिटं आल्यापासून संसदेचं टपाल किरणांचा मारा करून निर्जंतुक केलं जातं आणि त्यात आठवडे जातात.

राहिल्या बातम्या. एकच विषय धरा, शाळा किंवा आरोग्यविमा किंवा व्हिसा, आणि त्याचाच पाठपुरावा करा. बाकीच्या बातम्या दिवसातून एकदा वाचल्या तरी काही बुडत नाही.

प्रश्न: मी एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डची रांग संपत नाही. मतच नाही, तर माझं कोण ऐकणार? (फ्रिस्को, टेक्सस)

आधी धोक्याचं बोलू. वाहन परवान्याच्या खिडकीवर मतदार नोंदणीचाही प्रश्न विचारतात. घाईत तिथे खूण केली, तर नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यासारखं होतं आणि पुढे ग्रीन कार्डच धोक्यात येऊ शकतं. चूक आधीच झाली असेल, तर निवडणूक कार्यालयाला काही लिहिण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. देणग्यांचंही तसंच. ग्रीन कार्डधारक उमेदवाराला पैसे देऊ शकतो, एच-वन-बीवाला नाही. अगदी शाळा मंडळाच्या निवडणुकीतही नाही. नागरिक असलेल्या मित्राच्या नावावर आपले पैसे देणं हा वेगळा गुन्हा आहे. विनामोबदला पत्रकं वाटता येतात, फोन करता येतात, मात्र प्रचाराचे निर्णय घेण्यात भाग घेता येत नाही.

आता ऐकण्याचं. प्रतिनिधी हा मतदारसंघात राहणाऱ्या सगळ्यांचा असतो, नुसत्या मतदारांचा नव्हे. अर्ज नेहमीपेक्षा जास्त रखडला असेल तर त्याच्या स्थानिक कार्यालयात ‘केसवर्क’, म्हणजे तुमच्या अर्जाची चौकशी, मागा. त्यासाठी प्रायव्हसी रिलीज फॉर्म सही करून द्यावा लागतो. त्याशिवाय खातं त्यांना तुमची माहिती देत नाही. ते फाइल कुठे अडली हे विचारतात, मंजुरी मिळवून देत नाहीत. ही अपेक्षा आधीच नीट ठेवलेली बरी.

दुसरी जागा फार थोडे लोक वापरतात. सरकारी खातं नवा नियम आणतं तेव्हा रेग्युलेशन्स डॉट गव्हवर सहसा ३० किंवा ६० दिवस हरकती मागवल्या जातात, आणि त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवू नका; हजार सारख्या हरकती मिळून मुद्दा एकच होतो. कलम कोणतं, त्याने कुणाचं काय अडतं आणि त्याऐवजी शब्द कोणते हवेत, ते लिहा. दखल घेण्याजोग्या मुद्द्याला खात्याला अंतिम नियमात उत्तर द्यावं लागतं. ते न देता केलेले नियम न्यायालयात अडचणीत येतात. हरकत जगाला दिसते, तेव्हा फोन नंबर किंवा केस क्रमांक त्यात घालू नका.

प्रश्न: एका मताने खरंच काही होतं का? (रेस्टन, व्हर्जिनिया)

तुमच्याच राज्यात २०१७ साली राज्याच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहासाठी ९४व्या मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मतं पडली. ४ जानेवारी २०१८ रोजी वाडग्यातून चिठ्ठी काढून निकाल लावला, आणि त्या चिठ्ठीवर सभागृहातलं बहुमत ठरलं: ५१ विरुद्ध ४९.

प्रश्न: माझी कॉलेजातली मुलगी म्हणते, आपल्यासारख्यांनी धडपडून इथे काही बदलत नाही. तिला काय सांगू? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

‘सगळं ठीक होईल’ एवढं सांगू नका, तिला ते पटणार नाही. तिला कॅलिफोर्नियाचाच इतिहास सांगा. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. आधी मिळालेलं काहींचं काढूनही घेतलं गेलं. पंजाबातूनच आलेल्या दलीपसिंग सौंद यांनी बर्कलेच्या विद्यापीठात गणितात पीएचडी केली, आणि तरी इंपीरियल व्हॅलीत शेती करत राहिले. कायदा बदलावा म्हणून त्यांच्यासारखे लोक सभा, पत्रं आणि खासदारांच्या भेटी यांत वर्षानुवर्षं राबले. १९४६ मध्ये लूस-सेलर कायदा झाला. हाती काय आलं? नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० भारतीयांचा कोटा. फार नव्हे, पण दार उघडलं.

सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले. पुढच्याच वर्षी ते वेस्टमोरलँड या छोट्या गावात न्यायाधीशपदाला उभे राहिले आणि निवडून आले. नागरिकत्वाला वर्ष पुरं झालेलं नाही म्हणून पद नाकारलं गेलं. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा जिंकले. १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहात निवडून आलेले ते पहिले आशियाई अमेरिकन.

तुमची मुलगी १८ वर्षांची नागरिक असेल, तर काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर शाळा मंडळासाठी अर्ज भरायच्या तारखा तिला बघायला सांगा. अशा जागांवर कधी कधी एकच उमेदवार असतो, आणि मग मतदान न होताच तो मंडळावर जातो.