रांगेतल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणू नका

प्रश्न : आमच्या गावात बायकांनी चालवलेली छोटी पतसंस्था आहे, मी तिची अध्यक्ष. शेजारच्या गावातली पतसंस्था बुडाल्यापासून आमच्याकडेही ठेवी मोडायला गर्दी होते आहे. त्यात सोयाबीनला भाव नाही, हप्ते थकलेत. रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटला लोक दारातूनच परत पाठवतात. विश्वास परत कसा मिळवायचा?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, मी ३१ वर्षं पतसंस्थेत काढली, आधी रोखपाल, मग व्यवस्थापक. एका श्रावणात आमच्यावरही हीच वेळ आली. संचालकांनी ठरवलं, माणशी दिवसाला २,००० रुपयेच द्यायचे. संध्याकाळपर्यंत रांग एसटी स्टँडला टेकली. दुसऱ्या दिवशी जिल्हा बँकेतल्या आमच्या मुदतठेवींवर कर्ज उचललं आणि मागेल त्याला पूर्ण रक्कम दिली. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी ४० हजार मोजून पिशवीत ठेवले आणि तिथेच बाकावर बसून राहिल्या. घरी नेले तर नवऱ्याच्या हाती पडतील, ही धास्ती. तासाभराने तेच पैसे बचत खात्यात भरून गेल्या.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. टीव्हीवर ते रडणारे चेहरे पाहिलेला माणूस ‘उद्या या’ ऐकून घरी जात नाही, भावकीला बोलावून आणतो.

मात्र आधी रात्रभर बसून खरा हिशेब काढा. खड्डा मोठा असेल तर पुढे आलेल्यांना देऊन मागच्यांना बुडवू नका, सरळ सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जा. हिशेब नीट असेल तर ठेवी, कर्जं, थकबाकी आणि बँकेतली शिल्लक दारावरच्या फलकावर लिहा. सर्वांत वर संचालकांची आणि त्यांच्या घरच्यांची कर्जं लिहा. आमच्या अध्यक्षांनी चुलतभावाचं थकलेलं कर्ज विशेष सभेत स्वतः वाचून दाखवलं. गावाला ते आधीच माहीत होतं, त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

जास्त व्याजाचं आमिष दाखवू नका, त्याने संशयच वाढतो. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. एजंटांना ‘सरकारची हमी आहे’ असं चुकूनही बोलू देऊ नका. सोयाबीनवाल्याचे हप्ते लांबवा. ऐपत असून टाळणाऱ्यावर मात्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज करा, मग तो नात्यातला का असेना.

फलक या सोमवारीच लावा आणि थकबाकी किती टक्के निघाली ते मला कळवा.