अन्ननलिका आणि तिचे शेजारी

या वेळच्या टपालात घास अडकणं, घशाशी येणं आणि दुर्बिणीचे रिपोर्ट यांचीच गर्दी आहे. अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची. मानेच्या सहाव्या मणक्यासमोर ती सुरू होते, मणक्यांच्या पुढून छातीत उतरते, श्वासपटलातल्या भोकातून पोटात शिरते आणि लगेच जठराला मिळते. पण वाटेत तिच्या अंगाला लागून श्वासनलिका आहे, महाधमनी आहे, हृदय आहे, आवाजाची नस आहे. आलेले बरेचसे प्रश्न खरं तर या शेजाऱ्यांचेच आहेत.

प्रश्न : माझ्या दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये ‘झेड लाइन ३६ सेंमी, हायटस ३८ सेंमी, लॅक्स एलईएस’ असं लिहिलंय. म्हणजे माझी अन्ननलिका ३६ सेंटिमीटर लांब आहे का? आणि ‘लॅक्स’ म्हणजे झडप निकामी झाली का? नेटवर वाचून झोप उडाली आहे. (वय ४४, सांगली)

उत्तर : हे आकडे तुमच्या समोरच्या दातांपासून मोजलेले असतात. दुर्बिणीच्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि दातांशी जी खूण येते ती डॉक्टर वाचतात. दातांपासून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर आणि तिची स्वतःची लांबी २५ च्या आसपास, असा मोठ्या माणसाचा हिशेब ४० पर्यंत जातो. उंची कमी असेल तर आकडा कमी येतो.

अन्ननलिकेचं अस्तर फिकट गुलाबी, जवळजवळ मोतिया रंगाचं असतं, जठराचं लालसर. हे दोन रंग जिथे नागमोडी रेषेवर मिळतात ती झेड लाइन. हायटस म्हणजे श्वासपटलातलं भोक. दोन्ही साधारण एकाच पातळीवर असायला हवीत. तुमच्या रिपोर्टमध्ये रेषा ३६ वर आणि भोक ३८ वर आहे, म्हणजे जठराचा दोन सेंटिमीटर भाग भोकातून वर छातीत सरकलाय. हाच छोटा हायटस हर्निया. चाळिशीनंतर तो अनेकांत सापडतो आणि त्यातल्या कित्येकांना काहीच त्रास नसतो.

आता झडप. सगळे झडप म्हणतात, पण हृदयात असते तशी पडद्याची झडप इथे नाही. खालच्या तीन-चार सेंटिमीटरमधला गोल स्नायू (तुमच्या रिपोर्टमधला ‘एलईएस’ तो हाच) एरवी आवळलेला असतो. त्याच जागी श्वासपटलाचा एक पट्टा बाहेरून नळीला वेढा घालतो. तुम्ही खोकलात, वाकलात, बादली उचललीत की तोही आवळतो. तिसरी गोष्ट म्हणजे नळी जठराला तिरकी, टोकदार कोनात मिळते, त्यामुळे भरलेलं जठर स्वतःच तिच्या तोंडावर दाब आणतं. हर्नियात स्नायू वर सरकतो आणि श्वासपटलाचा पट्टा खालीच राहतो. दोघांची जोडी फुटते, म्हणून आंबट पाणी वर येणं सोपं जातं.

‘लॅक्स’, म्हणजे सैल, या शब्दाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : तो फार सैल हाताने लिहिला जातो. दुर्बीण करताना जठरात हवा भरलेली असते, ढेकर आला तरी तोंड उघडं दिसतं. स्नायूचा दाब डोळ्यांनी मोजता येत नाही. त्यासाठी नाकातून बारीक नळी घालून करायची मॅनोमेट्री नावाची वेगळी तपासणी आहे. तेव्हा एका शब्दावरून ऑपरेशनचा विचार करू नका. तुम्हाला त्रास किती, अस्तरावर जखमा आहेत का, औषधाने बरं वाटतंय का, यावर पुढचं ठरतं. तोवर रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे ठोकळे द्या (नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि उलटंच होतं), आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. त्या कुशीवर आम्ल खाली साचतं आणि नळीचं तोंड वर राहतं.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या नातवाने रुपयाचं नाणं गिळलं. एक्स-रे बघताक्षणी डॉक्टर म्हणाले, “अन्ननलिकेत आहे, श्वासनलिकेत नाही.” दोन्ही नळ्या मागे-पुढे असतात, मग फोटोवरून कसं कळलं? नाणं निघालं, पोर ठणठणीत आहे. सगळे म्हणत होते केळं द्या, ते मी दिलं नाही. बरोबर केलं ना? (एक आजी, नाशिक)

उत्तर : आजी, केळं दिलं नाहीत हे उत्तम केलंत. केळ्याने किंवा भाताच्या गोळ्याने नाणं ‘ढकलायला’ गेलं की ते घट्ट बसू शकतं, आणि भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं.

आता फोटोचं. विच्छेदनाच्या टेबलावर पहिल्यांदा अन्ननलिका दाखवली की विद्यार्थी हमखास विचारतात, “नळी कुठे आहे?” कारण रिकामी असताना ती गोल नसतेच, श्वासनलिका आणि मणके यांच्यामध्ये पुढून-मागून चपटी होऊन पडलेली असते. आडव्या दिशेला जागा, पुढे-मागे नाही. त्यामुळे नाणं तिच्यात आडवं बसतं आणि समोरून काढलेल्या फोटोत पूर्ण गोल दिसतं. श्वासनलिकेचं उलट. तिच्या कूर्चेच्या कड्या मागे उघड्या असतात, आणि वर स्वरतंतूंमधली फटही पुढून मागे असते, म्हणून तिथे गेलेलं नाणं बहुतेक वेळा कडेवर उभं, रेघेसारखं दिसतं. बाजूने काढलेल्या फोटोत हवेचा काळा पट्टा पुढे आणि नाणं मागे असं दिसलं की शंका उरत नाही.

त्या कड्या मागे उघड्या असतात त्याचा आपल्याला रोज उपयोग होतो. मोठा घास उतरताना अन्ननलिका पुढे फुगते आणि श्वासनलिकेची मऊ मागची बाजू तिला जागा करून देते.

रुपयाचं नाणं २२ मिलिमीटरच्या आसपास असतं. अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : अगदी वरचं तोंड, जो सगळ्यात अरुंद भाग आहे; मग महाधमनीची कमान आणि डावी श्वासवाहिनी जिथे नळीला दाबतात तो टप्पा; आणि शेवटी श्वासपटलाचं भोक. मुलांत नाणं सर्वाधिक वेळा पहिल्याच जागी थांबतं. जठरात उतरलं की बहुधा शौचावाटे निघून जातं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रिमोट, खेळणी, वजनकाटे यांतली चपटी बटण बॅटरी एक्स-रेत नाण्यासारखीच दिसते. नीट पाहिलं तर तिच्या कडेला दुहेरी कडी असते. तिच्याबाबत वाट बघायची नाही. ओल्या अस्तराला टेकली की वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. भिंतीपलीकडे पुढे श्वासनलिका आणि जवळच महाधमनी. बॅटरी काढल्यावरही काही दिवसांनी धोका का उरतो, ते यावरून कळेल. संशय आला तरी लगेच, रात्र असली तरी, दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

प्रश्न : वडिलांचा (वय ६२) आवाज दोन महिने बसलाय. गुळण्या, काढे सगळं झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की डावा स्वरतंतू हलत नाही, आणि छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. आवाज घशात, मग स्कॅन छातीचा कशाला? हल्ली त्यांना भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर पाणी लागतं. (लातूर)

उत्तर : डॉक्टरांनी योग्य तेच केलंय. स्वरतंतू हलवणारी डावी नस मेंदूकडून थेट घशात येत नाही. ती मुख्य नसेतून छातीत फुटते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून पुन्हा वर स्वरयंत्राकडे जाते. उजवी नस गळ्याच्या तळाशीच वळते, छातीत एवढी खोल उतरत नाही. म्हणून डावा स्वरतंतू थांबला की थायरॉइडपासून छातीच्या मध्यापर्यंत सगळी वाट तपासावी लागते. फुप्फुसाची गाठ, लसिकाग्रंथी, महाधमनीचा फुगा, अन्ननलिका, यांपैकी कोणीही ती नस दाबू शकतं. कधी कधी कारण सापडतही नाही आणि आवाज आपोआप परत येतो.

मला जास्त काळजी तुम्ही शेवटी सहज लिहिलेल्या वाक्याची वाटते. अन्ननलिका खूप ताणली जाते. तिची पोकळी १३ मिलिमीटरच्या खाली येईपर्यंत माणसाला घन पदार्थ अडकल्याचं फारसं जाणवत नाही, आणि आपण नकळत जुळवून घेतो : भाकरी कालवून खातो, भात बरा वाटू लागतो, घासागणिक पाणी पितो. आधी घट्ट अन्न अडकणं, मग मऊ, मग पातळ, असा क्रम असेल तर त्यात कर्करोगाची शक्यता तपासलीच पाहिजे. वडील तंबाखू, बिडी किंवा दारू घेत असतील तर अधिकच.

आतड्यांच्या आणि जठराच्या बाहेरून गुळगुळीत आवरण असतं. छातीतल्या अन्ननलिकेला ते नाही, नुसत्या सैल धाग्यांनी ती आजूबाजूला जोडलेली असते. त्यामुळे तिच्यातली गाठ भिंत ओलांडून शेजाऱ्यांपर्यंत लवकर पोहोचते. स्कॅन झालाच असेल. त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणीही करून घ्या आणि संशयास्पद जागेचा तुकडा तपासायला पाठवा. कदाचित काहीच निघणार नाही. पण गुळण्यांवर आता आणखी एक आठवडाही घालवू नका.

प्रश्न : आईच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. शॉक देऊन ते सुरळीत करण्याआधी तोंडावाटे नळी घालून हृदयाची सोनोग्राफी करायची म्हणतात. छातीवरून एको झालाय, मग अन्ननलिकेतून कशाला? (पुणे)

उत्तर : छातीवरून बघताना ध्वनिलहरींच्या वाटेत फासळ्या आणि हवेने भरलेलं फुप्फुस येतं. मागून बघितलं तर अडथळा नाही. हृदयाचा सगळ्यात मागचा कप्पा म्हणजे डावा अलिंद, आणि तो अन्ननलिकेच्या अगदी पुढ्यात असतो. मध्ये फक्त हृदयावरणाचं पातळ अस्तर. ठोके अनियमित असताना रक्ताची गुठळी बहुधा याच अलिंदाच्या छोट्या खिशात तयार होते. तो खिसा छातीवरून नीट दिसत नाही, अन्ननलिकेतून दिसतो. गुठळी असताना शॉक दिला तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते, म्हणून ही खात्री.

हा शेजारी उलट्या बाजूनेही त्रास देतो. संधिवाताच्या तापानंतर झडप आकसलेल्या रुग्णांत डावा अलिंद खूप मोठा होतो आणि अन्ननलिकेला मागे रेटतो. एको नव्हता त्या काळात बेरियम प्यायला देऊन, ती किती वाकली हे एक्स-रेत बघून अलिंदाचा अंदाज घेत. आजही अलिंदाच्या मागच्या भिंतीवर उष्णतेने उपचार करताना अन्ननलिकेत तापमान मोजणारी तार ठेवतात, पलीकडे भाजू नये म्हणून.

आईला आधी गिळायचा त्रास, अन्ननलिकेचं ऑपरेशन किंवा रक्ताची उलटी झालेली असेल तर ते आवर्जून सांगा. कवळी काढून ठेवायची.

प्रश्न : काकांना यकृताचा सिरोसिस आहे. रक्ताची मोठी उलटी झाली आणि अन्ननलिकेत ‘बँड’ बसवले. आजार यकृताचा, रक्त अन्ननलिकेतून कसं? (डोंबिवली)

उत्तर : अन्ननलिकेच्या वरच्या भागाचं रक्त सरळ हृदयाकडे परततं, खालच्या टोकाचं मात्र जठराच्या शिरेतून यकृताकडे जातं. दोन्ही वाटा तिच्या अस्तराखाली एकमेकींना मिळतात. सिरोसिसमध्ये यकृत कठीण झालं की रक्त आत शिरू शकत नाही. ते मागे फिरून या आडवाटेने हृदयाकडे जाऊ लागतं आणि अस्तराखालच्या बारीक शिरा फुगून गाठीगाठीच्या होतात. त्यांतली एखादी फुटली की अशी उलटी होते. दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी कडी लावून आवळतात. एकदा लावून काम संपत नाही, तारखेला परत जायचं. दुखण्यावरच्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत.

प्रश्न : रात्री झोपताना गोळी कोरडीच गिळते. दोनदा छातीत अडकल्यासारखं होऊन दोन दिवस दुखलं. काही होतं का याने? (वय २६, मडगाव)

उत्तर : होतं. आडवं असतानाही नळीच्या स्नायूंची लाट घास खाली नेते, पण कोरडी गोळी अस्तराला चिकटते, बहुधा महाधमनीच्या कमानीजवळच, आणि विरघळताना तिथेच भाजते. मुरुमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन यात कुप्रसिद्ध आहे. हाडं ठिसूळ झाल्यावरच्या गोळ्या आणि पोटॅशियमच्या गोळ्याही. उभं राहून किंवा नीट बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नका. आता गिळताना दुखत असेल तर ती गोळी पुन्हा घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा बदलून मिळते.