रॅम्प विंगेपर्यंत जातो का?

अगं, उत्तर द्यायला आठ दिवस लागले, सॉरी, तालमी चालू होत्या. व्हीलचेअरवरून नाटकात करिअर होईल का विचारलंयस. होईल की. फक्त कुठल्याही नाट्यगृहात गेलीस की आधी एक बघ, रॅम्प कुठपर्यंत जातो ते. बऱ्याच ठिकाणी तो प्रेक्षागृहाच्या दाराशी संपतो, विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला जिथून नट एन्ट्री घेतात तिथे, जायला पाच-सहा पायऱ्या असतातच. म्हणजे बांधणाऱ्याने धरूनच चाललंय की तू आलीस तर तिकीट काढून बघायला येणार, काम करायला नाही. मग चार जण म्हणतात उचलून नेतो की, त्यात काय एवढं. एन्ट्रीच्या आधी दोन मिनिटं असं अधांतरी लटकून मग पहिलं वाक्य घेऊन बघा म्हणावं!

मी तरी कुठे पहिल्यापासून शहाणी होते. एका एकांकिकेत माझा मेन नट अंध, पावलं मोजून अख्खं ब्लॉकिंग, म्हणजे कधी कुठे जायचं नि उभं राहायचं ते, पाठ, आणि मी ग्रँड रिहर्सलच्या सकाळी लाइटसाठी लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा लाकडी चौथरा, हातभर पुढे घेतली नि त्याला सांगायचंच विसरले. नडगी अशी आपटली की मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला. संवाद नाही सोडला पठ्ठ्याने, नंतर एवढंच म्हणाला, सांगितलं असतंत तर एक पाऊल कमी टाकलं असतं. तेव्हापासून स्टेजच्या कडेपासून दोन फूट आत टेपखाली काथ्याची दोरी चिकटवतो, अनवाणी पायाला बरोबर कळते, आणि खरं सांगू, डोळस नटांनापण ब्लॅकआऊटमध्ये तिचाच आधार वाटतो.

म्हणून म्हणते, या गोष्टी पहिल्या वाचनालाच काढायच्या, शेवटच्या आठवड्यात नाही. लंडनची ग्रे-आय ही 1980 साली सुरू झालेली दिव्यांग कलाकारांची नाटक कंपनी हेच करते, साइन लँग्वेज आणि दृश्याचं बोलून केलेलं वर्णन ते नाटकातच विणतात, कोपऱ्यात एक इंटरप्रिटर उभा केला की झालं असं नाही. त्यांच्याकडे अनेक वर्षं दिग्दर्शन केलेल्या जेनी सीली स्वतः कर्णबधिर, 2012 च्या पॅरालिम्पिकचा उद्घाटन सोहळा ज्या दोघांनी बसवला त्यातल्या एक. आपल्याकडे स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' केलं, त्याबद्दल वाच.

आणि पैशाचं. शाल, नारळ, 'किती प्रेरणादायी' हे सगळं खूप मिळेल, घे, नाही म्हणू नकोस, पण नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती ते आधी ठरव. इतरांना नाइट आणि तुला सत्कार असं असेल तर सरळ उठून ये. संस्थांकडे अर्ज करशील तेव्हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 29 जोड, दिव्यांग कलाकारांना सोयी, मदत, प्रायोजकत्व द्यावं असं त्यात लिहिलंय, बऱ्याच साहेबांना ठाऊकच नसतं.

अभिनय की बॅकस्टेज ते आत्ताच ठरवू नकोस. रविवारी तालमीला ये, एक दिवस प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट अडले की संवाद सुचवायला, बस. हॉल तळमजल्यावर आहे पण दार जुनं, अरुंद आहे, तुझ्या चेअरची रुंदी कळव, मी उद्या टेपने मोजून ठेवते.