कॉलेजच्या मुलांना जीवनकौशल्यांच्या तासात लैंगिक आरोग्य शिकवायची खरंच गरज आहे का? मोबाइलवर सगळं असतंच ना?

आहे. मोबाइलवर सगळं असतं म्हणणाऱ्यांनी एखाद्या शनिवारी रात्री माझ्या काउंटरमागे उभं राहून बघावं.

लालबागला आमचं मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. कंडोम हवा असलेला मुलगा लांबूनच ओळखू येतो. आधी खोकल्याची गोळी घेणार, मग बँडेड, मग गिऱ्हाईक हटेपर्यंत फोनमध्ये डोकं. दुकानात कुणी बाई आली की गोळी आणि बँडेड घेऊनच परत.

मागे एक पोरगा आला, एसवायला असेल. मैत्रिणीसाठी इमर्जन्सी गोळी, म्हणजे संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ती, मागितली. विचारलं, कधीचं? म्हणाला, रविवारचं. त्या दिवशी होता गुरुवार. ही गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि त्यातही जितकी लवकर तितकी बरी. हे त्याला पाठ होतं, मोबाइलवरच वाचलेलं! मग थांबलास कशाला? "सोमवारी आलो होतो काका, आमच्या चाळीतल्या काकू उभ्या होत्या. मंगळवारी काउंटरला तुमच्या मिसेस होत्या. काल गर्दी." मग हळूच, "दोन घेतल्या तर चालतील?" आणि वर, "गोळी घेतली की रोगबिग लागत नाही ना?" कंडोम का नाही वापरला, तर ती काय म्हणेल असं वाटलं. तिला विचारलंस? नाही. गोळी दिली नाही, आजच्या आज तिला घेऊन लेडी डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. गेला की नाही, माहीत नाही.

आता सांगा, याला माहिती कमी पडली की तोंड उघडणं? जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत निर्णय घेणं आणि नीट बोलता येणं ही दोन्ही आहेत. कॉलेजात त्या नावाखाली इंटरव्ह्यूला टाय कसा बांधायचा ते शिकवतात.

इथल्याच एका कॉलेजात एनएसएसच्या मॅडमनी मला बोलायला बोलावलं होतं. मी खिशातल्या पाकिटात ठेवलेला कंडोम, त्याला लावलेलं व्हॅसलीन आणि त्यापायी फाटणारं रबर एवढ्यावर आलो, तोच एक प्राध्यापक उठले. "औषधं विकणाऱ्यांनी मुलांच्या डोक्यात नको ते भरू नये. तुमचा धंदा होतो." तेव्हा पाहुणा म्हणून गप्प बसलो. सर, एका पाकिटावर मला काय सुटतं ते ऐकलं असतंत तर तुम्हीच मला चहा पाजला असता. आणि तो पोरगा काही माझ्या भाषणासाठी थांबला नव्हता. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते, त्यापायी नोकरी सोडावी लागली. शंभर वर्षं उलटली, सर अजून तिथेच. २००७ मध्ये तर राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं होतं. ती शाळेतली पोरं पुढे माझ्याच काउंटरला आली.

शिकवायचं कसं असं विचारलंत तर मुलामुलींना एकत्र बसवून, आणि 'स्वच्छता' वगैरे आडून न बोलता. नाही म्हणायला आणि समोरच्याचं नाही ऐकायलाही शिकवा.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हेही लक्षात असू द्या. ती गोळी अडचणीपुरती, दर महिन्याची नव्हे. एचआयव्हीची शंका आली तर केईएमसारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांतल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. नुसतं विचारायचं असेल तर १०९७ ही एड्सची हेल्पलाइन लावा. धोका होऊन ७२ तास उलटले नसतील तर मात्र चौकशीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा, तिथेही औषध वेळेतच सुरू करावं लागतं. अठराच्या आतल्यांना कायदा वेगळा आहे, ते वेगळं सांगायला हवं.

बाकी पहिल्या तासाला एकच करा. प्रत्येकाला उभं करून "एक कंडोमचं पाकीट द्या" हे मोठ्याने म्हणायला लावा. सुरुवात प्राध्यापकांपासून.